चावीआधीचे तीन तास

घर बघायचं, दाखवायचं, तपासायचं तर महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी रविवार लागतो. पिंपरी-चिंचवडमध्ये गुरुवारही चालतो. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि उरलेले सहा दिवस विजेवर ताण, असं होऊ नये म्हणून औद्योगिक भागांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटून दिल्या गेल्या आणि पुणे परिसराच्या वाट्याला गुरुवार आला. इथल्या कामगाराच्या घरातली बँकेची कामं, दवाखान्याची फेरी, गावाकडच्या शेताची विचारपूस, सगळं त्या वारावर बेतलेलं असतं.

त्यामुळे या भागात घर तपासणीचा छोटा व्यवसाय चालवणाऱ्याला येणारा फोन साधारण असा असतो: "सर, माझी सुट्टी गुरुवारी. मिसेस हिंजवडीला आहेत, त्यांना शनिवार-रविवार. दोघांनाही समोर राहायचंय. कसं करता?" करता काहीच येत नाही. दोघांपैकी एकाला रजा टाकावी लागते. बरं, गुरुवार ठरवला तर महावितरणची देखभालीची कामंही बरेचदा गुरुवारीच निघतात. वीजच नसेल तर प्लग, अर्थिंग, गीझरचा पॉइंट कशावर तपासणार? तेवढ्यासाठी मग दुसरी फेरी.

नव्या सदनिकेचा ताबा घेण्याआधी पैसे देऊन तिची तपासणी करून घ्यायची, ही पद्धत या शहरात तशी कालपरवाची. करणारे बहुतेक एकटे किंवा दोघे. बांधकाम क्षेत्रात काही वर्षं काढलेले, स्वतःच्या दुचाकीवर अवजारांची बॅग घेऊन फिरणारे. त्यांना वेगळा परवाना लागत नाही, कारण तसा परवानाच अस्तित्वात नाही. घर विकून देणाऱ्या एजंटाची नोंदणी घरखरेदीच्या व्यवहारांचं नियमन करणाऱ्या रेरा कायद्याने सक्तीची केली; घर तपासणाऱ्याचं नावही त्या कायद्यात नाही. हा धंदा कुठून आला हे शोधायला निघालं, की प्रश्न कौशल्याचा कमी आणि वेळेचा जास्त निघतो. घर बारकाईने बघायला लागणारे तास या पट्ट्यात आजवर कुणी कुणी खर्ची घातले आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे कसे सरकत गेले, त्याची ही हकीकत आहे.

घरात शिरून तपासणी करणाऱ्या माणसाशी चिंचवडचं नाव पूर्वी एकदा जोडलं गेलं आहे, पण फार वेगळ्या संदर्भात. १८९७ च्या प्लेगात पुण्यात प्लेग समितीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हुकुमाने गोरे सैनिक घराघरांत घुसले. माजघर, देवघर, बायकांच्या खोल्या, काहीही वर्ज्य नव्हतं. रोगी सापडला की इस्पितळात आणि घरचे विलगीकरणाच्या छावणीत. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडणारे चापेकर बंधू मूळचे चिंचवडचे. त्यांचा वाडा आज स्मारक म्हणून जपलेला आहे, आणि जवळच्या चापेकर चौकातून ताब्याच्या चाव्या घ्यायला निघालेली कुटुंबं रोज जात असतात. तेव्हा लोकांना नको असताना माणसं घर तपासायला येत. आज पैसे मोजूनही हवी ती तारीख मिळत नाही.

पिंपरीचा औद्योगिक काळ सुरू झाला तो १९५४ मध्ये, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून. सरकारी मालकीच्या या कारखान्याबरोबर त्याची वसाहतही उभी राहिली. अशा कंपनी वसाहतीत घराची काळजी कंपनीच्या सिव्हिल खात्याची. नळ गळतो, भिंतीला ओल आली, दाराचं लाकूड फुगलं, तर वहीत तक्रार लिहायची आणि प्लंबरची वाट बघायची. घर आपलं नव्हतं, म्हणून तपासणीचा प्रश्नही आपला नव्हता. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडताना मात्र ज्याने तीस वर्षांत कधी भिंतीला हात लावून पाहिला नाही, तो पहिल्यांदा घराचा मालक व्हायला निघायचा.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पिंपरी, चिंचवड, भोसरीच्या माळरानावर प्लॉट पडले. आकुर्डीला बजाज, चिंचवडला एसकेएफ, पिंपरीला १९६६ पासून टेल्को. इथे काय चाललं होतं याची कल्पना यायला एसकेएफचं बेअरिंग पुरे. त्याच्या मापातला फरक मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. या कारखान्यांत एक पूर्ण पिढी गेज, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर हाताळत वाढली. रिजेक्शन, रिवर्क, क्यूसी हे शब्द जेवणाच्या डब्याइतकेच रोजचे झाले. कारखान्याची इमारतही तपासणीतून सुटत नव्हती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाखाली फॅक्टरी इन्स्पेक्टर येई. राज्याच्या १९६३ च्या नियमांनी शेडच्या मजबुतीचा, म्हणजे स्टॅबिलिटीचा दाखला मागितला. बॉयलरला तर १९२३ पासून स्वतंत्र कायदा आणि स्वतंत्र निरीक्षक.

आणि हीच माणसं पाळी संपवून ज्या घरात जात, त्याच्या भिंती ओळंब्यात आहेत का हे बघणारं कुणी नव्हतं.

अगदी कुणीच नव्हतं असं म्हणणं पूर्ण खरं नाही. प्राधिकरणाच्या काळात ते घरमालक स्वतः बघत होते. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्याआधी दोन वर्षं, १९७० मध्ये, चार गावांची मिळून नगरपालिका झाली होती; १९८२ मध्ये तिची महानगरपालिका झाली. प्राधिकरणाने शेतजमिनी संपादन केल्या, सेक्टर पाडले, रुंद रस्ते आखले आणि ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने भूखंड दिले. निगडी-आकुर्डीकडे आजही नुसतं 'प्राधिकरण' म्हटलं की कुठला भाग ते कळतं, जरी २०२१ मध्ये ती संस्थाच विसर्जित होऊन तिचा कारभार पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आणि महापालिका यांच्यात वाटला गेला असला तरी.

भूखंड मिळालेल्या कामगाराने किंवा कारकुनाने घर बांधायला काढलं, की त्याचं एक-दीड वर्ष त्यात जाई. पैशाइतकाच तुटवडा सिमेंटचा. फेब्रुवारी १९८२ पर्यंत सिमेंटची किंमत आणि वाटप दोन्ही सरकारी नियंत्रणात होतं आणि पूर्ण नियंत्रणमुक्ती १९८९ मध्ये झाली. सिमेंट वाटप आणि ट्रस्टसाठी घेतलेल्या देणग्या यांच्यावरून उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर ए. आर. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं, यावरून त्या पोत्याची किंमत लक्षात यावी. इतक्या खटपटीने आणलेलं सिमेंट गवंड्याच्या हवाली करून कामावर कसं जायचं? म्हणून पहिली पाळी असली की दुपारनंतर, दुसरी असली की सकाळी मालक प्लॉटवर हजर. रात्रपाळीवाला तर झोप मोडून यायचा. किती घमेली वाळूला किती सिमेंट, हे तो उभं राहून मोजायचा. वीट भिजवली का बघायचा. गुण्या लावून कोपरा, पाणसळ ठेवून जोतं. कारखान्यातली नजर इथे कामाला यायची, आणि गवंडी वैतागायचा.

स्लॅबच्या दिवशी रजा ठरलेलीच. त्यानंतरचे आठ-दहा दिवस सगळ्यात कंटाळवाणे: स्लॅबवर मातीची किंवा मालाची आळी करून पाणी साठवायचं आणि ते आटू द्यायचं नाही. हे काम बहुतेक घरातली बाई आणि शाळेतून आलेली पोरं करत. त्या पाण्यावर काँक्रीटची ताकद अवलंबून असते आणि ते किती दिवस राहिलं हे नंतर कुठल्याही यंत्राने नेमकं सांगता येत नाही. सरकारी तपासणी दोन टप्प्यांवर: काम जोत्यापर्यंत आलं की जोते तपासणीचा दाखला आणि घर पूर्ण झालं की भोगवटा प्रमाणपत्र. दोन्ही वेळी बघायचं ते मंजूर नकाशाप्रमाणे बांधलं का; बाथरूमचं पाणी कुठे वाहतं याच्याशी अधिकाऱ्याला कर्तव्य नव्हतं आणि आजही नसतं.

प्राधिकरणाच्या आराखड्याबाहेर, आणि पुष्कळदा आराखड्याच्या आतही, दुसरं एक शहर उभं राहत होतं. थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, चिखलीत शेतकऱ्यांकडून एक-दोन गुंठे घेऊन लोकांनी परवानगीशिवाय घरं बांधली. तिथे जोते तपासणी नाही आणि भोगवटाही नाही. मालकाची नजर मात्र तीच. पुढे या घरांवर शास्तीकर, म्हणजे बेकायदा बांधकामाचा दंड, बसला आणि तो माफ व्हायला २०२३ उजाडलं. बांधकामाच्या दर्जाचं म्हणाल, तर स्वतः उभं राहून बांधलेलं गुंठ्यातलं घर पुढच्या काळातल्या टॉवरपेक्षा निकृष्टच होतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही. कागद नव्हता, वेळ भरपूर घातलेला होता.

फ्लॅट आले आणि ही नजर दाराबाहेर थांबली. बांधकाम चालू असताना साइटवर गिऱ्हाईक नको, हा बिल्डरचा नियम एका अर्थी बरोबरच होता. चाळीस घरांचे चाळीस मालक घमेली मोजायला लागले तर काम कसं व्हायचं? कायद्याने गिऱ्हाइकाला वेगळं संरक्षण दिलं होतं. १९६३ च्या महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायद्याने, म्हणजे मोफाने, ताबा दिल्यापासून तीन वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने तो शक्यतो विनामूल्य दुरुस्त करायचा असं सांगितलं. पण दोष शोधायचा कुणी? १९७७ मध्ये एचडीएफसी स्थापन झाली आणि पगारदाराला गृहकर्ज हा शब्द परिचयाचा झाला. कर्जामागून आला व्हॅल्युअर. तो घरी येई, चार भिंती बघे, परिसराचा भाव विचारे आणि जाई. त्याला बँकेचं कर्ज बुडणार नाही ना एवढं सांगायचं असे. अनेकांचा मात्र समज असा की बँकेचा माणूस बघून गेलाय, म्हणजे घर तपासलेलं आहे. हा समज अजून गेलेला नाही.

आकुर्डीत तयार होणाऱ्या चेतक स्कूटरसाठी एके काळी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. ती अखेर मिळाली की डिलिव्हरी घेताना आरसे, रंगावरचा ओरखडा, किक, हॉर्न, सगळं बघून मगच सही करत. पुढे मोटारींच्या व्यवसायात गाडी गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधीची तपासणी, पीडीआय, हा ठरलेला टप्पाच झाला. चाकणच्या कारखान्यातल्या कामगाराला ती अक्षरं समजावून सांगावी लागत नाहीत. तोच माणूस गाडीच्या पाचपट-दसपट किमतीच्या फ्लॅटचा ताबा पंधरा मिनिटांत घेतो: नारळ फोडायचा, हॉलमध्ये उभं राहून फोटो, सह्या, चावी.

या घाईला सबळ कारणं आहेत. जुन्या घराचं भाडं चालू आणि नव्याचा हप्ताही सुरू. मुलांची शाळा जूनला. वास्तुशांतीचा मुहूर्त गुरुजींनी आधीच काढून दिलेला. दसरा, दिवाळी पाडवा, गुढीपाडवा, अक्षय तृतीया या दिवसांच्या आधीच्या आठवड्यांत एकेका प्रकल्पात कितीतरी चाव्या वाटल्या जातात आणि साइट इंजिनिअर प्रत्येक कुटुंबाला वेळ नेमून देतो. पितृपक्षात सहसा कुणी ताबा घेत नाही, अधिक महिन्यातही टाळतात. तपासणी करणाऱ्याचं वर्ष म्हणूनच असं दिसतं: पंधरा दिवस दिवसाला तीन-तीन घरांची मागणी, नंतर पंधरा दिवस फोन शांत. पगार देऊन माणूस ठेवावा तर रिकाम्या पंधरवड्यात त्याला काय काम द्यायचं, आणि न ठेवावा तर दसऱ्याच्या आठवड्यात एकट्याने काय काय करायचं, हा गुंता सोडवता न आल्याने पुष्कळ जण एकटेच राहतात.

धंद्याला पाया मिळाला तो दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे शहराचा पसारा. १९९७ मध्ये मोशी, चिखली, चऱ्होली, वाकड, पुनावळे, रावेत अशी गावं महापालिकेत आली. पलीकडे हिंजवडीचं आयटी पार्क उभं राहू लागलं. १९९९ मध्ये बजाजचा चाकणचा कारखाना सुरू झाला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आली, त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझ पिंपरीहून तिथे हलली आणि पाठोपाठ महिंद्रा. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवलेला चाकणचा संग्रामदुर्ग किल्ला आता गोदामं आणि ट्रेलर यांच्या मध्ये दडून गेला आहे. नागपूर, लातूर, जळगाव, कोल्हापूरहून आलेली तरुण मंडळी इथे घर घेऊ लागली. त्यांच्या ओळखीत गवंडी नव्हता, काका-मामा जवळ नव्हते, आणि घर घेणारे दोघंही दिवसभर कामावर.

दुसरी गोष्ट रेरा. १ मे २०१७ पासून या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाचं, महारेराचं, काम सुरू झालं. या कायद्याने दोष दुरुस्तीची मुदत ताब्यापासून पाच वर्षं केली आणि दोष कळवल्यावर बिल्डरला ३० दिवस दिले. चटई क्षेत्र कसं मोजायचं याची व्याख्या आली: आतल्या विभाजक भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी सोडायची. कराराच्या नमुन्यात फरकाची मर्यादा ३ टक्के घातली गेली. या सगळ्याला लागतो तो लेखी, फोटोंसह, तारीख घातलेला कागद. कायद्याने पाच वर्षं दिली, पण ती वापरायला आधी कुणीतरी तीन तास जमिनीवर वाकायला हवं. ते तास विकणारा माणूस तेव्हा पुढे आला.

त्या तीन तासांत काय होतं? रिकाम्या टू बीएचकेत दोघं शिरतात. एक जण लेझर मीटरने प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी घेतो आणि करारातल्या आकड्यांशी ताडून बघतो. दुसरा हातातल्या दांडीने टाइलवर टकटक करत सरकत जातो. घट्ट बसलेल्या टाइलचा आवाज भरीव येतो. खाली माल नीट भरला नसेल तर पोकळ. पोकळ निघाली की तिच्यावर रंगीत स्टिकर. तासाभरात फरशीवर लाल ठिपके उठतात आणि सोबत आलेल्या सुपरवायझरचा चेहरा बदलू लागतो. मग खिडक्या. स्लायडिंगच्या रुळाला पावसाचं पाणी बाहेर काढणारी भोकं आहेत का, ती सिमेंटने बुजलीत का. पश्चिमेच्या आणि नैर्ऋत्येच्या भिंतीवर ओलावा मोजणारं मीटर जास्त वेळ फिरतं, कारण मावळाकडून येणारा पाऊस तिथेच आदळतो. प्रत्येक प्लगमध्ये टेस्टर घालून अर्थिंग बघायचं. दोन खोल्यांच्या घरातही असे तीस-चाळीस पॉइंट सहज असतात. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे, हे बघायला दोन मिनिटं पुरतात, आणि सगळ्यात जास्त भांडणं त्याच दोन मिनिटांवरून होतात.

बाथरूमची खरी परीक्षा मात्र दोन मिनिटांची नाही. जाळी बुजवून फरशीवर पाणी साठवायचं, ४८ तास तसंच ठेवायचं आणि मग खालच्या मजल्यावरच्या घरात जाऊन छताला ओल आली का बघायचं. म्हणजे दोन फेऱ्या, दोन वेळा साइटची परवानगी आणि खालच्या घराची चावी. शिवाय पाणी. २०१९ च्या नोव्हेंबरपासून महापालिका शहराला एक दिवसाआड पाणी देते. नव्या इमारतीत पुष्कळदा टँकरवरच काम चालतं. टाकीत पाणी नसलं तर एकाच वेळी सगळे नळ सोडून दाब बघण्याची चाचणीही राहते. अहवालात मग लिहावं लागतं की ही तपासणी करता आली नाही, आणि पैसे भरलेल्या माणसाला ते वाक्य पटत नाही.

गिऱ्हाइकाला दिसतात ते हेच तीन तास. पुढचे दिसत नाहीत. नाशिक महामार्गावर भोसरीपासून मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी करत चाकणचा तळेगाव चौक गाठायचा. अंतर वीसेक किलोमीटर, पण पाळी सुटायच्या वेळेला सापडलं तर दीड तास कुठे गेला कळत नाही. एका दिवसात सकाळी चाकण आणि दुपारी पुनावळे असं कबूल करणारा नवखा असतो. अनुभवी माणूस एका दिवशी एकच दिशा धरतो.

मग रात्री अहवाल. शंभर-सव्वाशे फोटो, प्रत्येकाखाली जागा: मास्टर बेडरूम, पश्चिमेची भिंत, खिडकीखाली डावीकडे, ओलावा. एक फोटो चुकीच्या खोलीत पडला तर बिल्डरचा इंजिनिअर बाकीचा अहवालही संशयाने वाचतो. बिल्डरला इंग्रजी हवं असतं. गिऱ्हाईक ते वाचत नाही, फोन करतं आणि एकच विचारतं, "म्हणजे घर घ्यायचं की नाही?" याचं उत्तर द्यायचं नसतं, हा या व्यवसायातला पहिला धडा, पण तो फोन चाळीस मिनिटं चालतोच. त्यानंतर बिल्डरने दुरुस्ती केली का हे बघायला फेरतपासणी. तिचे पैसे आधी ठरवले नसतील तर मागताना जड जातं. थोडक्यात, तीन तासांच्या पावतीमागे दहा-बारा तास उभे असतात, आणि नव्याने धंद्यात उतरलेले पहिल्या वर्षी दर ठरवताना नेमके तेच विसरतात.

अमेरिकेत या कामाला संघटित रूप बरंच आधी आलं. तिथली अमेरिकन सोसायटी ऑफ होम इन्स्पेक्टर्स १९७६ मधली. तिथे सौदा ठरल्यावर तपासणीसाठी ठरावीक दिवस राखून ठेवण्याची आणि दोष निघाले तर मागे फिरण्याची मुभा खरेदी करारातच घालतात. इथलं गिऱ्हाईक तपासणीला बोलावतं तेव्हा किमतीच्या ९५ टक्क्यांच्या आसपास रक्कम देऊन बसलेलं असतं. मागे फिरायला जागा नसते. हातात असतो तो फक्त शेवटचा हप्ता आणि सही. म्हणून इथल्या अहवालाचा खरा वाचक घर घेणारा नसून दुरुस्ती करून देणारा बिल्डर आहे. हे ज्याला लवकर उमगलं, त्याची भाषा सौम्य आणि फोटो धारदार झाले.

भिंतीवर मीटर फिरवून सगळंच कळतं असंही नाही. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवल्यावर १७ मे २०२५ रोजी महापालिकेने पाडले. त्या घरांच्या टाइल कदाचित एकही पोकळ नसतील. तिथे बघायला हवा होता तो नकाशा, सातबारा आणि पूररेषा. आणि त्या कागदांसाठी लागणारा वेळ तलाठी कार्यालयात, पालिकेच्या नगररचना विभागात आणि वकिलाकडे जातो. घर तपासणारा ते काम आपलं नाही म्हणतो. त्याचं बरोबर आहे, पण गिऱ्हाईक दोन्हीला एकच समजतं.

जिथे या व्यवसायाचा वाराही लागत नाही, असा भाग चाकणच्या आसपास मोठा आहे. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे इथे कंत्राटी कामगारांसाठी घरमालकांनी ओळीने खोल्या बांधल्या आहेत. एका खोलीत चार-पाच जण पाळ्यांनी राहतात. एकाची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू, अंथरूण तेच. वायरिंग उघडं आहे का, जिन्याला कठडा आहे का, हे बघायला तिथे कुणी पैसे देणार नाही, कारण राहणाऱ्याला सहा महिन्यांत दुसरीकडे जायचं असतं आणि मालकाला खोली रिकामी राहायची भीती नसते.

नवं काम येतंय ते उलट दिशेने, जुन्या इमारतींकडून. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीने नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून मजबुतीची तपासणी करून घ्यायची असते. चिंचवड, निगडी, भोसरी, पिंपरीतल्या ऐंशी आणि नव्वदच्या दशकातल्या सोसायट्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत. हे ऑडिट एका दुपारचं काम नाही. काँक्रीटवर रिबाउंड हॅमर मारायचा, कुठे कुठे गाभ्याचा नमुना काढायचा, गच्चीपासून पार्किंगपर्यंत भेगांची नोंद करायची आणि प्रत्येक घरात शिरायचं. रात्रपाळी करून आलेला दुपारी झोपलेला, दुसरीतला कंपनीत, तिसऱ्या मजल्यावरचे मुलाकडे पुण्यात आणि चावी शेजारी नाही. अशा इमारतीत सगळी दारं उघडी मिळेपर्यंत तीन-चार आठवडे जातात.

अहवालावर सही इंजिनिअरची लागते, म्हणून छोटा तपासनीस त्याच्या हाताखाली घरोघरची ओल आणि भेगा नोंदवायचं काम घेतो. पैसे सोसायटीने द्यायचे, आणि त्याआधी सर्वसाधारण सभेत ठराव व्हायचा. कोरम नसला तर सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि पुन्हा भरते. रंगकामाचा आणि पार्किंगचा वाद आधी निघाला, तर ऑडिटचा ठराव पुढच्या सभेवर जातो, आणि त्याच्याबरोबर बिलही.